हाकेला ओ

५ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टर म्हणाले, कुत्री काय खाते, किती पाणी पिते, शी कधी आणि कशी करते, सगळं रोज लिहून ठेवा. छत्तीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासलं, स्वतः एक ओळ लिहिली नाही. निवृत्तीनंतर लिहायला विषय मिळाला तो हा. असो.

तर कालपासून खाणं काही नाही. पाणी अर्धी वाटी. शी नाही.

भावाच्या कामावरचा फोरमन काल सकाळी तिला घेऊन आला. भाऊ पुलांच्या कामावर फिटर होता. जिथे पूल तिथे त्याचं बिऱ्हाड. गेल्या महिन्यात कामावरच छातीत कळ आली आणि गेला. मला फोन आला तेव्हा सगळं आटोपून दोन दिवस झाले होते. भावाच्या वहीत माझा जुना नंबर होता, नवा शोधण्यात वेळ गेला म्हणे. मी फोनवर म्हटलं, "आता येऊन काय उपयोग?" तर फोरमन म्हणाला, "उपयोगाचं काय घेऊन बसलात ताई, केव्हाही या." मी गेले नाही. अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

फोरमन साठीचा, ठेंगणा. बोलतो कमी, खाकरतो जास्त. दारातच उभा राहून म्हणाला, "तो नेहमी सांगायचा, माझं काही झालं तर हिला बहिणीकडे सोडा."

"मी जन्मात कुत्रं पाळलेलं नाही."

"महिनाभर बघा ताई. नाहीच जमलं तर चार मार्चला येऊन मी घेऊन जाईन. आमच्या गोदामावर राखणीला कुत्रं हवंच आहे. साखळीला बांधून ठेवू." साखळीचं बोलताना त्याने कुत्रीकडे बघितलं नाही.

मी विचारलं, नाव काय हिचं? तो बुटांकडे बघत खाकरला. "कामावर सगळे काळीच म्हणायचे. नाव तुम्हीच ठेवा ना ताई, नवीन. जुनं आता कशाला?" इतका आळशी माणूस पुलावर फोरमन कसा झाला कोण जाणे. साधं नाव सांगायचा कंटाळा!

कुत्री काळी आहे, छातीवर पांढरा ठिपका, शेपटी पाठीवर वळलेली, अक्षरावर मात्रा द्यावी तशी. म्हणून नाव ठेवलं मात्रा. आज दवाखान्यात सांगितलं तर डॉक्टर खो खो हसले. "औषधाची मात्रा की काय?" म्हणाले.

डॉक्टर पन्नाशीचे असतील. टेबल सोडून सरळ जमिनीवर मांडी घालून बसले आणि कुत्रीकडे न बघता माझ्याशीच बोलत राहिले. दोन मिनिटांनी तीच त्यांच्याजवळ गेली. मग त्यांनी तिची हिरडी अंगठ्याने दाबून सोडली. दाबल्यावर पांढरी पडते आणि दोन सेकंदांत परत गुलाबी झाली की रक्त नीट खेळतंय असं समजायचं. मला करून बघायला लावलं. साठी उलटल्यावर कुत्र्याच्या तोंडात हात घातला.

"दात फार छान ठेवलेत हिचे," डॉक्टर म्हणाले. "सात-आठ वर्षांची असेल. कुणीतरी रोज घासत होतं बाई. ज्याने सांभाळली त्याने जीव लावून सांभाळली."

मी म्हटलं, त्याला स्वतःचे दात घासायचा कंटाळा होता.

तपासणीचा हिशेब: डाव्या कानात दाह आहे, म्हणून सारखं डोकं झटकते. थेंब सकाळ-संध्याकाळ. कानात काडी घालायची नाही, कापसाने दिसेल तेवढंच पुसायचं. नखं वाढली आहेत. लसीकरणाचं जुनं पुस्तक हवं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चार घास भात आणि अर्धं उकडलेलं अंडं. पाणी दीड वाटी. शी एकदा, पातळ.

पोट बिघडायचं कारण मीच निघाले. कौतुकाने दूध दिलं होतं. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, मोठ्या कुत्र्यांना बहुतेक वेळा दूध पचत नाही. आणि खाणं बदलायचं झालं तर एकदम बदलायचं नाही. जुन्यात थोडं नवीन मिसळत आठवडाभरात आणायचं. "ती आधी काय खात होती?" मला काय ठाऊक! कांदा, द्राक्षं, चॉकलेट यांचा एक कणही नको. शिजलेलं हाड नको, त्याचे तुकडे आतड्यात टोचतात.

त्यांनी सांगितलेली पोटाची गोळी अंड्यात दडपून दिली. अंडं खाल्लं आणि गोळी माझ्या पायाशी नीट आणून ठेवली. डोळ्यांत तिच्या काडीचा अपराधीपणा नव्हता.

भाऊही असाच. कडू औषध गालात धरून ठेवायचा आणि आई वळली की फुलांच्या कुंडीत थुंकायचा. ती कुंडी बाकी सगळ्या कुंड्यांपेक्षा जोमात होती. आज ते आठवून स्वयंपाकघरात एकटीच हसले. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने खिडकीतून विचारलं, "कोण आलंय गं?"

९ फेब्रुवारी, रविवार

एक वाटी भात, एक अंडं, उकडलेली गाजरं. शी घट्ट. उत्तम.

छत्तीस वर्षांत कुणाच्या लिखाणावर मी 'उत्तम' असा शेरा मारला नव्हता.

फोरमनला फोन करून लसीचं पुस्तक मागितलं. म्हणाला, शोधतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज माझं डोकं फिरलं आहे. तरी लिहिते.

घरामागच्या मैदानात साखळी सोडली. आठवडाभर शहाण्यासारखी वागली, म्हटलं थोडं पळू दे. पळाली ती मैदानाच्या त्या टोकाला. मी "मात्रा, मात्रा" म्हणून ओरडतेय आणि ही गवत हुंगतेय. ढुंकून बघायला तयार नाही. क्रिकेट खेळणारे थांबून माझी मजा बघत होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारी मात्रा शिकवतेय रे, उद्या वेलांटी." चाळीस मिनिटं! शेवटी तिच्या मर्जीने आली. मी तिचं मानगूट धरून अशी काही तासडली की मैदान शांत झालं. हातात वर्तमानपत्र होतं, त्याचे दोन फटकेही दिले. शिस्त म्हणून काही असते की नाही?

घरी येऊन ती टेबलाखाली जाऊन बसली. जेवली नाही. मीही नाही.

त्या टेबलावर आम्ही दोघं भावंडं अभ्यास करायचो. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मराठीच्या शुद्धलेखनात त्याला कधी दहापैकी चारच्या वर मिळाले नाहीत. पण बंद पडलेली कुठलीही वस्तू उघडून पुन्हा जोडून द्यायचा. माझ्या कंपासचं तुटलेलं झाकण त्याने तारेने असं बसवलं होतं की शाळा संपेपर्यंत टिकलं. झाकण बंद होताना बारीक टक् वाजायचं. तो आवाज मला आज सबंध दुपार ऐकू येत होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

एक वाटी भात, चिकनचं पाणी, कान बरा.

पण येणं बंद. पुन्हा मैदानात सोडली (हो, सोडली. दिवसभर बांधून ठेवायचं माझ्या जिवावर येतं). माझ्यापासून दहा हातांवर येऊन उभी राहते, शेपटी पाडून. मी एक पाऊल पुढे टाकलं की ती एक पाऊल मागे. शेवटी शेजारीण बिस्किटाचा पुडा घेऊन खाली आली तेव्हा पकडता आली. शेजारीण कुत्र्यांना भिते, तिच्याकडे ही जाते, आणि मी हिच्या नाकदुऱ्या काढते तर माझ्याकडे नाही!

शेजारीण म्हणाली, "फोरमनला दे परत. तिला तू नकोयस, हे उघड आहे."

खरं असेलही. पण इतकं उघड बोलायचं काय कारण होतं?

१७ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांकडे जाऊन आले. सगळं सांगितलं. फटक्यांचं सांगायचं नव्हतं, पण ते माझ्याकडे बघत राहिले आणि मी सांगून टाकलं.

रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, तुम्ही कशाबद्दल मारलंत?"

"वेळेवर आली नाही म्हणून."

"ते तुमच्या डोक्यात. तिच्या डोक्यात काय? मी गेले आणि मार बसला. चाळीस मिनिटं गवत हुंगत होते तेव्हा काही झालं नाही, ज्या क्षणी बाईंकडे गेले त्या क्षणी मार बसला. मग शहाणी कुत्री काय करील? येणंच सोडेल."

"म्हणजे चाळीस मिनिटं माझा जीव टांगणीला लावला, त्याचं काही नाही?"

"ते तुमच्याजवळ ठेवायचं. आलेल्याच्या तोंडावर आणायचं नाही. आली की शाबासकी. तासाने आली तरी शाबासकी. आणि पाठलाग करायचा नाही कधी. आपण उलट दिशेने चालायला लागायचं, नाहीतर सरळ जमिनीवर बसायचं."

मग शिकवणीची रीत सांगितली. घरात, पाच पावलांवरून सुरुवात. एकदाच हाक. आली की त्याच सेकंदाला घास, नंतर नाही. एका वेळी पाचच मिनिटं. हाक मारून कानात औषध घालायचं नाही, नाहीतर हाकेचा अर्थ औषध असा होतो. आणि शब्द एकच. "ती दुसऱ्या कुठल्या तरी हाकेला सरावलेली आहे, बाई. मात्रा-बित्रा तिला ठाऊक नाही. जुनं नाव शोधा."

निघताना त्यांनी सूचनांचा एक कागद दिला. स्वतः लिहून झेरॉक्स काढलेला, सगळ्या गिऱ्हाइकांना देतात. घरी येऊन चहा ठेवला आणि लाल पेन घेऊन बसले. म्हटलं, फुकटात तपासून देऊ, भला माणूस आहे. 'नविन' चूक. 'दुध' चूक. 'आणी' चूक, तीही सहा वेळा. नवव्या ओळीवर आले. 'कुत्रे उशीरा आले तरी त्यास रागावू नये.' 'उशीरा' चूक. उशीर, पण उशिरा. दुसरी वेलांटी काढून पहिली द्यायची. शेकडो वेळा केलेलं काम.

पेन तसंच धरून बसले. चहा उतू गेला.

ही दुरुस्ती मी त्याच्या पत्रातही केली होती.

आता लिहायला घेतलंच आहे तर पुरतंच लिहिते. आई गेली तेव्हा तो कुठल्याशा नदीवर पुलाच्या कामाला होता. निरोप पोचून, गाड्या बदलत तिसऱ्या दिवशी आला. आठ महिने आईचं सगळं मी एकटीने केलं होतं. त्याला दारात बघितल्यावर म्हटलं, "आता कशाला आलास?" घरात माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. तो उंबऱ्याबाहेर उभा होता, हातात पिशवी. तसाच वळला आणि गेला. चूक कुणाची ते मी आजही सांगू शकते. तिसरा दिवस म्हणजे तिसरा दिवस.

तीन महिन्यांनी त्याचं पत्र आलं. जन्मात पहिलं. दोन पानं, सत्तावीस चुका. मी छापखान्यातून येऊन नुकती बसले होते, लाल पेन हातातच होतं. वाचता वाचता दुरुस्त करत गेले. सवय, दुसरं काय! आणि दुरुस्त केलेलं पत्र पाकिटात घालून त्याला परत पाठवून दिलं. उत्तर म्हणून. वरून एक ओळही लिहिली नाही. त्यात एक वाक्य होतं, 'मी उशीरा आलो हे खरं, पण आलो होतो.' त्यातली वेलांटी मी नीट केली होती.

पुन्हा त्याचं पत्र आलं नाही. तो मुळातच हट्टी.

डॉक्टरांचा कागद पुढे तपासला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दूधवाल्याला दार उघडलं आणि ती त्याच्या पायांमधून निसटून गेली. गल्ली, मैदान, बाजार सगळं पालथं घातलं. मागचं दार सताड उघडं टाकून गेले होते, न जाणो माझ्या मागे घरी आली तर. चोर आले असते तर त्यांनीही सावकाश चहा करून घेतला असता.

हे दार लहानपणीही मी असंच ठेवायचे. भाऊ मैदानातून दिवेलागण उलटून गेल्यावर यायचा, आई पुढच्या दारात छडी घेऊन उभी. मी मागची कडी हळूच काढून ठेवायचे. तो चोरपावलांनी आत यायचा, हातपाय धुऊन माझ्या शेजारी पुस्तक उलटं धरून बसायचा. मी पुस्तक सुलटं करून द्यायचे. आईला वर्षानुवर्षं कळलं नाही, की कळून ती गप्प बसायची, देव जाणे. किती सुंदर दिवस होते ते! दोघांच्या अंगाला मैदानाच्या मातीचा वास यायचा, कारण तो माझ्या बाहीला हात पुसायचा.

दुपारी सापडली. कालव्यावरच्या पुलाच्या कठड्याची दुरुस्ती चालली आहे, तिथे. हेल्मेट घातलेले तिघे जण बोल्ट आवळत होते आणि ही रस्त्याच्या कडेला बसून एकेकाचं तोंड निरखत होती. त्यातला एक म्हणाला, "सकाळपासून बसलीय आजी. डबा दिला तर खाल्ला नाही. कुणाला तरी शोधतेय."

मी रागावले नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून नव्हे. मला रागावता येईना. तिच्याशेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळाने साखळी अडकवली. दोघी चालत घरी आलो.

खाणं संध्याकाळी, अर्धी वाटी.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सहाव्यांदा फोन केल्यावर फोरमनने पुस्तक धाडलं एकदाचं. पाकिटात नुसतं पुस्तक, चिठ्ठी नाही. कोपरे तेलकट झालेलं, निळं.

पहिल्या पानावर भावाचं अक्षर. मालकाच्या नावापुढे त्याचं नाव. प्राण्याचं नाव, या रकान्यात लिहिलं आहे: खोडी.

खोडी हे माझं नाव आहे.

माझं खरं नाव नव्हे, घरातलंही नव्हे. फक्त त्याचं. त्याच्या वहीतलं चुकलेलं मी रबराने खोडायचे म्हणून मी खोडी. खोड्या काढायचा तो आणि नाव मला! आई रागवायची, बाहेर कुणासमोर म्हणू नकोस रे. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून म्हणायचा. मोठी झाले, नोकरीला लागले, छापखान्यातून येताना रस्त्याच्या पलीकडून हाक मारायचा, माणसं वळून बघायची, मी लाजेने चूर.

आणि ते नाव त्याने कुत्रीला दिलं.

पहिल्या लसीची तारीख बघितली. मी पत्र परत पाठवलं त्याच्या पुढच्याच महिन्यातली. म्हणजे हिचं वय अकराच्या आसपास, डॉक्टर दातांवरून फसले. आणि म्हणजे त्याने सूड उगवला. मी त्याच्या चुका काढल्या, त्याने माझं नाव कुत्रीच्या गळ्यात बांधलं. अकरा वर्षं मला साखळीला धरून फिरवत होता आणि बोलवून बोलवून भाकरतुकडा टाकत होता! आता कळलं फोरमन बुटांकडे का बघत होता.

रागाने पुस्तक भिरकावणार होते. पण त्यात अकरा वर्षांच्या लसी आहेत, एकही चुकलेली नाही. एकही तारीख पुढे गेलेली नाही. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, प्रत्येकाची नोंद, प्रत्येकीत 'औशध'.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

एक वाटी भात, अंडं, भोपळा. शी ठीक.

दोन दिवस हिला हाकच मारलेली नाही. मात्रा म्हणून उपयोग नाही आणि ते दुसरं माझ्या तोंडातून निघत नाही. स्वतःच्या नावाने दुसऱ्याला हाक मारायची म्हणजे आरशाला नमस्कार करण्यातला प्रकार.

आज न्हाणीघराचं दार लावून हळूच म्हणून बघितलं. बाहेर तिची नखं फरशीवर वाजली. दार उघडलं तर समोर उभी, दोन्ही कान वर, एवढे मोठे डोळे करून. मी पुन्हा म्हटलं, तिच्या तोंडावर. तिने मान तिरकी केली, माझ्या मागे न्हाणीघरात डोकावून आली. तिथे कुणीच नव्हतं. मग जाऊन टेबलाखाली पडून राहिली.

मैदानातही करून बघितलं. थबकते, बघते, येत नाही. डॉक्टरांना फोन केला आणि हाक मारून ऐकवली. म्हणाले, "शब्द बरोबर आहे, सूर चुकतोय. तुम्ही बाई, मुद्रित वाचल्यासारखं म्हणताय. तो कसा म्हणायचा?"

कसा म्हणायचा ते मला आठवत नाही. शब्द आठवतो, आवाज आठवत नाही. अकरा वर्षांत आवाज पुसून जातो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

२ मार्च, रविवार

फोरमनला फोन केला. म्हटलं, परवा या आणि घेऊन जा. माझ्याने होत नाही. ती मला ओळखत नाही आणि मी तिच्या कामाची नाही. तो बराच वेळ खाकरला आणि बरं म्हणाला.

शेजारीण म्हणाली, सुटलीस. मी हो म्हटलं.

संध्याकाळी तिची नखं कापली. डॉक्टरांनी दाखवलं होतं, काळ्या नखात आतली शीर दिसत नाही, म्हणून टोकाचं अगदी थोडं थोडं कापायचं. पाय माझ्या मांडीवर सोडून ती झोपून गेली. गोदामावर नखं कोण कापणार?

४ मार्च, मंगळवार

फोरमन दहा वाजता आला. साखळी स्वतःची आणली होती, जाड, लोखंडी. ती बघून मी चहा करायला आत गेले आणि उगाच भांडी घासत बसले.

चहा घेताना विचारून टाकलं. "कुत्रीला माझं नाव ठेवलं, ते माझ्यावरच्या रागानेच ना?"

फोरमनने कप खाली ठेवला. पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "ताई, ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव माणूस रोज संध्याकाळी घेतो का? काम सुटलं की तंबूबाहेर उभा राहून हाक मारायचा. ही नदीकाठी कुठे तरी भटकत असायची. आम्ही म्हणायचो, अरे, येईल ती भुकेची वेळ झाली की, घसा कशाला फोडतोस? तर म्हणायचा, मला हाक मारू द्या रे. ही निदान येते."

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

"आली की म्हणायचा, आलीस का? ये. चिखलात लोळून आली तरी तेच. कधी हात उगारला नाही. आम्हीच ओरडायचो, सगळ्या सतरंज्या भरवायची."

मी म्हटलं, शेवटचं तिला मैदानात मोकळं सोडू या, मग न्या. तिघं मैदानात गेलो. साखळी काढली. ती धावत पार त्या टोकाला गेली, तिथे गवतात नाक खुपसून उभी राहिली.

मी हाक मारली. तिने बघितलं आणि पुन्हा नाक खुपसलं. फोरमन पायाने माती उकरत होता. मी त्याला म्हटलं, "तो कसा मारायचा ते दाखवा."

"नको ताई."

"अकरा वर्षं ऐकलीय तुम्ही. मी नाही ऐकलेली. दाखवा."

त्याने आजूबाजूला बघितलं. खाकरला. मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन मान मागे टाकून ओरडला, "खोऽडी!" आधीचा 'खो' लांब, खालून वर चढत जाणारा, आणि 'डी' एकदम तोडलेला, पायरी संपल्यासारखा.

आणि मी म्हणाले, "ओ!"

मोठ्याने. विचार करून नव्हे. तोंडातून निघून गेलं आणि मग कळलं की आपण ओ दिली. रस्त्याच्या पलीकडून येणारी ती हाक होती, वर चढून तुटणारी, अगदी तीच. मला सगळं एकदम दिसलं, त्याची सायकल, बाहीला पुसलेले हात. मी मैदानात उभी राहून रडायला लागले. क्रिकेट खेळणारे थांबले असतील तर थांबोत. फोरमनने तोंड दुसरीकडे वळवलं. साखळी त्याने मघाशीच खिशात घातली होती, ती तशीच खिशात होती.

मग मी डोळे पुसले, हात तोंडाशी नेले आणि त्याच्यासारखी हाक मारली. 'खो' लांब, 'डी' तोडून.

तिने मान वर केली आणि निघाली. सरळ नाही आली. मध्ये थांबून दगड हुंगला, मग चिखलात पाय घातले, मग पुन्हा थांबली. खूप उशीर करत होती. करू दे म्हटलं.